फळीवरून सोलापूर

शाळेची सहल पायी गाव बघायला निघाली, तेव्हा माझी सात वर्षांची मुलगी घरात पाय पसरून बसली होती. मांडीपर्यंत प्लास्टर. किल्ला, तळं, देऊळ, सगळं दाखवणार होते. बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी येईल की." त्या बाईंचा मला असा संताप आला की त्यांच्या तोंडावर दार लावलं. खरं तर बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. पाय मी मोडला होता.

पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी एका कचेरीत टायपिस्ट होते. त्या सकाळी गिरणीचा भोंगा होऊन गेला होता, मला उशीर झाला होता, आणि पोरीने माझ्या पिशवीतला कार्बन पेपर काढून, त्याच निळ्या हातांनी माझं इस्त्रीचं पातळ धरलं. "आई, बघ की, मी काय काढलंय." मी बघितलं नाही. ढकललं. मागे ओट्याच्या तीन पायऱ्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी कसं झालं म्हणून विचारलं. "पायरीवरून पडली," मी म्हणाले. ती रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

नवरा गिरणीत फिटर होता. खरं काय ते त्याला कळलं होतं, तरी तो मला एका शब्दाने बोलला नाही, आणि याचाच मला जास्त राग होता. भांडला असता तर मलाही चार शब्द सुनावता आले असते. एका संध्याकाळी गिरणीतली चार टाकाऊ बेअरिंगं घेऊन आला, ती एका रुंद फळीखाली ठोकली, पुढे दोर बांधला. गल्लीतली पोरं अशा फळ्यांवरून उतार घसरायची. "घे, हिंडव तिला," एवढंच म्हणाला.

रविवारी सकाळी तिला उशीवर बसवून मी दोर धरला. बेअरिंगचा डांबरावर असा खरखराट की नव्या पेठेतला प्रत्येक माणूस वळून बघायचा. आणि बघून गप्प बसेल तो आमच्या गावचा कसला. चादरीच्या दुकानातले एक काका गादीवरून उठून बाहेर आले. "काय ओ ताई, काय झालं पोरीला?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "सायकलवरनं पडले."

तिला सायकल येत नव्हती. मी दोर ओढला. मला बरं वाटलं होतं, हे लिहिताना लाज वाटते.

पुढे एका टांगेवाल्याने घोडा थांबवून तेच विचारलं. त्याला तिने सांगितलं, चिंचेवर चढले होते, फांदी मोडली. त्याने मला मंद्रूप गावातला हाड बसवणारा सुचवला, प्लास्टर म्हणजे डॉक्टरांचं थोतांड असंही ऐकवलं. मी म्हटलं, तुमचा घोडा सांभाळा. विचारायला यांच्या बापाचं काय जात होतं? मला मात्र प्रत्येक प्रश्नाला घाम फुटायचा. मी फळी आणखी जोरात ओढायची आणि पोरगी मागून म्हणायची, "आई, हळू की, मला बघू दे."

किल्ल्याच्या दारात दगडच दगड. तिला कडेवर घेऊन, फळी काखेत मारून आत गेले. बाकावर एक म्हातारेबुवा ऊन खात बसले होते. त्यांनीही विचारलंच. आता तिला चांगलाच सूर सापडला होता. लिंबावर माकड होतं, ते माझी रिबन ओढत होतं, मी दिली नाही, मग त्यानं ढकललं. हे 'ढकललं' ती माझ्याकडे न बघता बोलली.

म्हातारा माझ्यावर घसरला. "काय आई म्हणायची तुम्ही. एवढी पोर झाडावर चढते आणि तुमचं लक्ष नाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. न केलेल्या गुन्ह्याबद्दल बोलणी खाताना मी अशी चिडले, जसं काही केलेला गुन्हा नव्हताच. तिला उचलून बाहेर आणलं, फळीवर बसवलं, तरातरा ओढत तळ्याच्या काठापर्यंत आले आणि तिच्यावर ओरडले. "खोटं का बोलतेस गं? कुणी शिकवलं तुला खोटं बोलायला?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या या.

तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि मान खाली घातली. माझा हात उठलेलासुद्धा नव्हता. दोन्ही हातांत दोर होता.

तशीच, हातांच्या आतून ती म्हणाली, "मग काय सांगू? तूच सांग."

मला स्वतःची किळस आली. मी तिथेच काठावर बसले. शेजारी एक पेरूवाली टोपली घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं, तरी विचारायची राहिली नाही. "पाय कशानं मोडला वं लेकीचा?"

मुलगी हातांच्या आडून माझ्याकडे बघत होती. दवाखान्यात बघत होती तशीच.

"मी ढकललं," मी म्हणाले. "रागाच्या भरात."

पेरूवालीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आन् आता वडत हिंडताय व्हय," ती म्हणाली. मग एक पेरू चिरला, तिखटमीठ लावलं आणि माझ्यासमोरून हात नेऊन पोरीपुढे धरला. "खा बाय. गाव बघून घे."

मुलीने हात खाली घेतले. पेरू खात बराच वेळ ती तळ्यातलं देऊळ बघत राहिली. या वेळी मी दोर ओढला नाही.

"परत ढकलशील?" तिने विचारलं.

"नाही."

तिने फोडीवरचं जास्तीचं तिखट बोटाने पुसलं, फळीला घासलं आणि म्हणाली, "बघू."