फळीवरचा गडू

दुष्काळाच्या त्या वर्षी हिंगोलीत मला मनापासून एकच गोष्ट हवी असायची. दुपारी कुणीतरी माझ्या ताटात गरम भाकर टाकावी आणि मला काहीएक विचारू नये. पगार, बढती, लग्न हे सगळं मागाहून. तेवीस वर्षांच्या माणसाने असं म्हाताऱ्यासारखं बोलू नये हे मलाही कळत होतं, पण मी खरंच थकलेलो होतो. सरकारने रस्त्यांची कामं काढली होती, खडी फोडायला गावंच्या गावं येत होती, आणि मी त्यांची हजेरी घेणारा कारकून होतो. सकाळपासून नावं पुकारायची, 'हाय जी' ऐकू आलं की हजेरीपटावर खूण करायची, पुढचं नाव घ्यायचं. रात्री अंथरुणावर पडलो तरी तीच नावं कानात वाजत राहायची.

माझी खानावळ स्टेशनच्या रस्त्याला होती. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पाटीबिटी काही नाही. चालवणारी बाई पन्नाशीची होती. नवरा वारल्यावर गावाकडचं घर सोडून ती हिंगोलीत आली होती आणि तिला सगळे मावशी म्हणत. आम्ही अकरा जण तिच्याकडे जेवायचो. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडतीवरचे एक मुनीम सगळ्यांत जुने, बाकी मास्तर, कंपाउंडर आणि माझ्यासारखे फुटकळ नोकरदार. आत शिरलं की चुलीचा धूर आधी डोळ्यांत जायचा. पण शेणाने सारवलेली जमीन इतकी गार असायची की पाटावर बसल्याबसल्या अर्धा शीण उतरायचा.

मावशी चुलीपुढून उठत नसे. तव्यावरची भाकर ती बसल्या जागेवरून भिरकवायची आणि ती बरोबर ज्याच्या त्याच्या ताटात पडायची. त्या वर्षी रेशनवर मिलो नावाची लाल विलायती ज्वारी मिळायची. तिची भाकर विटेच्या रंगाची होई आणि गार झाली की हातात भुगा. ती गरमच खावी लागे, म्हणून मावशी एकेकाला जेवताना वाढायची. आठवड्यातून एकदा ती हुलग्याचं शेंगोळं करी. हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी वळकुटी लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेली. ते खाताना घाम फुटायचा, नाक वाहायचं, आणि खडीच्या धुळीने भरलेला घसा एकदाचा मोकळा व्हायचा. त्यानंतर मी तासभर तरी माणसांशी माणसासारखा बोलत असे.

तिथली एक रीत सांगायला हवी. प्रत्येकाने पाणी प्यायला घरून आपला गडू आणायचा आणि तो भिंतीवरच्या लाकडी फळीवर ठेवायचा. सकाळी चहाला आलो की जाताना आपला गडू धुऊन फळीवर ठेवायचा. दुपारी जेवायला येणार असलो तर उभा, येणार नसलो तर उपडा. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण परात घेऊन ती फळीपुढे उभी राही, उभे गडू बोटाने मोजी आणि तेवढ्याच माणसांचं पीठ घेई. माणशी दोन भाकरी, आणि शेवटच्या दोन तिच्या स्वतःच्या. पीठ होतंच इतकं कमी की त्यात मागंपुढं करायला जागाच नव्हती. संध्याकाळी मिलोच्या कण्यांचं एकच मोठं पातेलं असे, तेव्हा मोजणी नसायची.

माझा गडू मात्र फळीवर नव्हता. तो दाराजवळच्या कोनाड्यात होता, चिमणी आणि काडेपेटीच्या शेजारी. फळी मोजून झाली की मावशी मान वळवून तिकडे एकदा बघायची.

त्याचं असं झालं. मला नोकरी लागली तेव्हा आईने कळमनुरीच्या बाजारातून पितळेचा गडू घेतला आणि कासाराकडून त्यावर माझं नाव कोरून आणलं, आडनावासकट. तिला स्वतःला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण पोराचं नाव भांड्यावर आलं याचा तिला कोण आनंद झाला होता. खानावळीतल्या पहिल्याच दिवशी मुनिमांनी तो गडू हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं माझं आडनाव वाचलं. मग विचारलं, "कोण्या गावचे म्हनायचे तुमी?" आम्ही बौद्ध. ते आडनाव ऐकल्यावर आमच्याकडे आणखी काही विचारावं लागत नाही. मुनिमांनी गडू खाली ठेवला आणि धोतराला हात पुसला.

मावशीने मला जेवू नको म्हटलं नाही. पाटही पंगतीतच होता, शेवटचा. दुसऱ्या दिवशी आलो तर गडू कोनाड्यात गेलेला, एवढंच. ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. बाकीच्यांना ती 'ये रे', 'बस रे', 'मेल्या, किती उशीर' असं म्हणायची. मला म्हणायची, "या साहेब. बसा." त्या 'साहेब'चा मला फार राग यायचा. पण तीच बाई माझ्या ताटातल्या शेंगोळ्यावर न मागता पळीभर रस्सा जास्त घालायची, आणि मी तो प्यायचो. शहाण्या माणसाने तिथे पुन्हा पाऊल टाकलं नसतं. मी दोन महिने रोज जात होतो. दुसरी खानावळ शोधायची, तिथे पुन्हा आडनाव सांगायचं, पुन्हा कुणाचा तरी चेहरा बदलताना पाहायचा, एवढं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. स्वतःची लाज वाटायची, आणि भाकर गरम असायची.

मग तो दिवस आला. सकाळी मी कोनाड्यात गडू उभा ठेवून कामावर गेलो. त्या दिवशी उन्हात एक म्हातारी चक्कर येऊन पडली, तिला सावलीत न्यायचं, पाणी पाजायचं, त्यात वेळ गेला. परत यायला अडीच वाजले. खानावळ रिकामी होती, ताटं घासून पालथी घातलेली. मावशी चूल सारवत होती. मला पाहून तिचा हात थांबला.

"साहेब, तुमी हायेत का आज?"

"आहे म्हणजे? गडू उभा ठेवून गेलो होतो की."

तिने दाराकडे पाहिलं, मीही पाहिलं. सकाळी रेशनचं पोतं आलं होतं आणि ते कोनाड्यापुढेच टेकवून ठेवलं होतं. गडू त्याच्यामागे होता, दिसत नव्हता.

"फळीवर न्हवता," ती म्हणाली. "मी फळीवरचे मोजले."

फळीवर का नव्हता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ती पुन्हा चूल सारवू लागली. मला भयंकर राग आला. दिवसभर मी हजारभर माणसांची हजेरी घेतो, एक नाव सुटलं तर लोक अंगावर येतात, आणि इथे मीच सुटलो. पण तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, म्हणून पाटावर जाऊन बसलो. एवढ्यात मावशी आत गेली आणि दोन भाकरी, ठेचा आणि वाटीभर वरण घेऊन आली. "हे घ्या," म्हणाली. मी खाल्लं, तिच्याकडे न बघता. उठताना परात दिसली, ती रिकामी होती. टोपलीही रिकामी होती. तेव्हा कळलं की त्या तिच्या भाकरी होत्या.

रात्रभर मी चरफडत होतो. तिच्यावर रागवावं तर तिचा घास माझ्या पोटात, न रागवावं तर गडू कोनाड्यात. सकाळी चहाला गेलो. वाटलं होतं तिने तो फळीवर ठेवला असेल. पोतं हलवलेलं होतं, गडू तिथेच होता. मला एकदम आईचा चेहरा आठवला, कासाराच्या दुकानातून येतानाचा. मी गडू उचलला, घासूनपुसून घेतला आणि फळीवर मुनिमांच्या आणि कंपाउंडरच्या गडवांच्या मधोमध ठेवला. नाव पुढे, उभा. मुनीम चहा पीत होते, त्यांची बशी तोंडापाशीच राहिली. मावशी आतून परात घेऊन येत होती. ती काय करते हे बघायचा मला धीर झाला नाही. मी चपला घातल्या आणि निघालो.

नर्सीच्या वाटेवर, कामाच्या ठिकाणी, पहिली शंभर नावं पुकारून झाल्यावर मला गडू आठवला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या दिवशी माझी पाळी गावाजवळच्या कामावर नव्हतीच. नर्सीकडच्या कामावर होती, दिवसभर. संध्याकाळच्या गाडीशिवाय परत यायची सोय नव्हती. म्हणजे गडू उपडा घालायला हवा होता. रागाच्या भरात मी तो उभा ठेवून आलो होतो.

मी हजेरीपट मिटून तिथेच दगडावर बसलो. तिने गडू पुन्हा कोनाड्यात नेला असेल तर प्रश्नच नव्हता, मला काय ते कळलं असतं. पण नेला नसेल तर? तर तिने माझं पीठ घेतलं असणार, माझ्या दोन भाकरी थापल्या असणार, आणि मी जाणार नाही. ज्या दिवशी पहिल्यांदा मला फळीवर मोजलं, त्याच दिवशी माझ्या भाकरी भुगा होऊन पडणार. आणि मुनीम म्हणणार, बघा, हे असले लोक. मला ते सहन होईना.

कामावरच्या मुकादमाच्या हातात मी हजेरीपट दिला आणि पोटात कळ आल्याचं सांगितलं. खडीच्या ट्रकने निम्म्या वाटेपर्यंत सोडलं, पुढे तो खाणीकडे वळला. उरलेले दोन-अडीच कोस मी चालत आलो. चैत्राचं ऊन होतं, रस्त्याला सावली म्हणून नव्हती, विहिरींत पाणी नव्हतं. वाटेत दोनदा बसलो आणि दोनदा स्वतःला शिव्या दिल्या. हजेरी घेणाराच गैरहजर म्हणून पुढे कचेरीतल्या साहेबांनी मला लेखी जाब विचारला, त्यावर मी खोटं उत्तर दिलं. खरं काय लिहिणार होतो, जेवायला गेलो होतो म्हणून?

खानावळीत पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. दारातच थांबलो आणि आधी फळीकडे पाहिलं. माझा गडू होता. जिथे ठेवला होता तिथेच, उभा, नाव पुढे. त्याच्या शेजारचा मुनिमांचा गडू उपडा होता.

मावशी चुलीपुढे गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसली होती. समोर दोन ताटं झाकलेली होती.

"ये," ती म्हणाली. "आधी हात धू."

मी हात धुतले. पाटावर बसलो. माझ्या ताटात दोन भाकरी होत्या आणि शेंगोळं. दुसऱ्या ताटात चार भाकरी होत्या.

"मुनीम आले न्हाईत?" मी विचारलं.

"आले व्हते. तुझा गडू अजून फळीवरच बघितला आन म्हनले, मावशी, ह्यो हितं काहून? म्या म्हनलं, जेवनारा हाय म्हून. तर आपला गडू उपडा घातला न् गेले." तिने चार भाकरींचं ताट आपल्यापुढे ओढलं. "थापून झाल्यावर उपडा घातला. आता त्यांच्या दोन म्या खाते. काल उपाशीच व्हते."

आदल्या दिवसाबद्दल ती एवढंच बोलली. दोन महिन्यांच्या कोनाड्याबद्दल काहीच नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही, आणि तिच्या तोंडी मी ते आज घालणार नाही. भाकर गार झाली होती, मोडत होती. मी ती रश्श्यात भिजवून खाऊ लागलो. माझे पाय इतके दुखत होते की मांडी घालता येईना.

"मावशी," मी म्हणालो, "माझं काम आज नर्सीकडं होतं. गडू उपडा घालायचा विसरलो. तुम्ही जेवून घ्यायचं ना. मी आलोच नसतो तर?"

तिने माझ्या ताटात पळीभर रस्सा ओतला.

"गडू उभा व्हता तुझा," ती म्हणाली. "म्या कशी जेवू?"