मूठभर जोगवा

सोमवारी उमरग्यातले आमचे कार्यालय बंद झाले. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता आणि आमच्या घरातून जोगवा मागायला जायचे होते.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे त्या दिवशी घरात कुणाला वाटले नाही. मी एका दैनिकाच्या तालुका कार्यालयात बातम्या लिहीत आणि तपासत होतो. तालुक्याची पाने बंद करायची आणि जिल्ह्याचे सगळे काम दुसऱ्या शहरातून करायचे, असे मालकांनी ठरवले. आम्हाला बोलावून चहा दिला आणि निर्णय कागदावरून वाचून दाखवला. त्यात एक वाक्य दोनदा आले होते. ते मी मनातल्या मनात कापले. संध्याकाळच्या एसटीने मुरुमला परत आलो. दिवे लागायच्या आत घरी पोचलेला पाहून आईने विचारले, "बरं न्हाय का तुला?"

बायकोला मी चपला काढता काढताच सांगितले. तिने ऐकून घेतले, आत गेली आणि भाकरी टाकायला बसली. जेवताना ती म्हणाली, "दोन-तीन महिने निघतील. तवर बघू."

जोगव्याविषयी थोडे सांगायला हवे. ज्या घरात तुळजापूरच्या देवीची परडी असते, त्या घरातली बाई मंगळवारी आणि शुक्रवारी पाच घरी जाऊन मूठभर पीठ किंवा धान्य मागते. परडी म्हणजे बांबूची उथळ टोपली. गळ्यात कवड्यांची माळ घालायची, कपाळाला कुंकू लावायचे आणि दाराशी उभे राहून हात पुढे करायचा. गरज असो वा नसो, मागायचे. बागायतदाराची बायको मागते आणि पगारदाराचीही मागते. आमची परडी आईकडे होती. गुडघे दुखायला लागल्यावर तिने ती सुनेच्या हातात दिली. मंगळवारी आणि शुक्रवारी मी नेहमी उमरग्यात असे, त्यामुळे स्वतःच्या घरचा जोगवा मी लग्नानंतर पहिल्यांदा त्या आठवड्यात पाहिला.

मंगळवारी बायको गेली आणि आली. परडीत ज्वारीच्या पिठाच्या चार मुठी होत्या आणि एक मूठ तांदूळ. त्याच्या दोन भाकरी आणि वाटीभर भात झाला. तिघांनी थोडा थोडा खाल्ला. आमच्याकडे आलेले त्याच दिवशी शिजवतात.

पुढचे दोन दिवस मी घरी होतो. तव्यावरून थेट ताटात आलेली भाकरी डब्यातल्या भाकरीपेक्षा वेगळी लागते, हे मी विसरून गेलो होतो. दुपारी आमच्या गल्लीत किती शांत असते, हेही मला माहीत नव्हते. गल्लीच्या टोकाच्या दालमिलचा पट्टा थांबला की होले पक्षी घुमताना ऐकू येत. मी ओळखीच्या लोकांना फोन करत होतो. ते बरे बोलत होते आणि कळवतो म्हणत होते. सकाळी उठल्यावर एकदा आणि झोपायच्या आधी एकदा मी डोक्यात खर्चाचा हिशेब मांडत असे. उत्तर दोन्ही वेळा तेच यायचे.

मुरुममध्ये बातमी छापावी लागत नाही. शुक्रवारपर्यंत ती सगळ्या गल्लीला कळली होती.

त्या दिवशी बायको परत आली तेव्हा परडी तिच्या कमरेवर होती आणि दुसऱ्या हातात पिशवी. तिने दोन्ही ओट्यावर ठेवले आणि माळ न काढताच खाली बसली. दालमिलवाल्यांच्या सुनेने डबाभर तुरीची डाळ ओतली होती. किराणा दुकानातल्या काकूंनी गहू आणि तेलाचा पुडा दिला होता. गुरुजींच्या घरून तांदूळ आले होते आणि शिंप्याच्या घरून गुळाचा खडा. पाचव्या घरी एकट्या राहणाऱ्या म्हातारीने परडीतल्या कुंकवाच्या डबीखाली एक नोट घडी करून ठेवली होती.

"आठवडा निघेल यात," मी म्हणालो.

"मी काय आठवडा मागायला गेले होते व्हय?"

"जोगवा मागायलाच गेली होतीस ना."

"जोगवा मागितला. त्यांनी किराणा दिला."

देणाऱ्यांच्या मनात चांगलेच होते, असे मी म्हणून पाहिले. ते तिलाही मान्य होते. "लई चांगली माणसं आहेत," ती म्हणाली. "तेच तर झालंय. इतके दिवस मी हात पुढं केला की त्यांना देवी दिसत होती. आज त्यांना तुमचं ऑफिस दिसलं."

मग तिने खरी अडचण सांगितली. मंगळवारी जायचे कसे? गेली तर लोक म्हणणार, आली पुन्हा. न्यायला आली असेच त्यांना वाटणार, आणि ते पुन्हा डबे ओतणार. नाही गेली तर परडी रिकामी राहणार, आणि घेतलेली परडी अशी ठेवता येत नाही. सासूने हातात दिल्यापासून तिने एकही वार चुकवला नव्हता. माझी नोकरी गेल्याचे सांगितले तेव्हा तिचा आवाज बदलला नव्हता. आता बदलला.

"परत देऊन ये सगळं," मी म्हणालो.

आई कॉटवर बसून ऐकत होती. "परडीत पडलेलं परत देत नसतात," ती म्हणाली. "त्यांनी देवीला दिलंय. तुला कुठं दिलंय?"

"मग ठेवू."

"ठिवायचं बी नसतं. आलेलं त्याच दिशी शिजवायचं. म्या कधी ठिवलं न्हाय."

बायकोने ओट्यावरच्या सगळ्याकडे एकदा पाहिले. मग उठली, गळ्यातली माळ काढून देवापुढे ठेवली आणि सासूला विचारले, "आत्या, मोठं पातेलं कुठं ठेवलंय आपण?"

"माळ्यावर. कशाला?"

"शिजवायचं म्हणलाव की तुम्ही."

"आगं, सगळं?" आई कॉटवरून पाय खाली सोडून बसली. "डाळ तरी ठिव की थोडी. भाव काय हाय डाळीचा."

"तुम्ही कधी ठेवली न्हाय न्हवं?"

"मला कुणी एवढी दिली न्हाय कधी," आई म्हणाली.

पातेले मी काढले. परडी घरीच ठेवून बायको पुन्हा त्याच पाच दारांवर गेली आणि परडीचा प्रसाद आहे, संध्याकाळी सगळी जेवायला या, असे सांगून आली. आल्यावर तिने कामे वाटून दिली. गहू ओलवून मिक्सरमध्ये जरासे फिरवायचे, पीठ होऊ द्यायचे नाही, साल तेवढी सुटली पाहिजे. हे आईने शेजारी बसून करवून घेतले. त्या गव्हाची गूळ घालून हुग्गी करायची ठरली. सीमेलगतच्या आमच्या गावांत गव्हाच्या खिरीला हुग्गी म्हणतात. डाळीची आमटी, तांदळाचा भात. तेलाच्या पुड्याचे काय करायचे, असे मी विचारले.

"भजी," ती म्हणाली. "कांदे चिरा."

नोटेचा प्रश्न राहिला होता. नोट शिजत नाही. ती देऊन मला दुकानात पाठवले आणि हुग्गीसाठी खोबरे आणि वेलदोडे आणायला सांगितले. काकूंनी खोबरे तोलताना माझ्याकडे दोनदा पाहिले, पण काही विचारले नाही. त्या आठवड्यात मला कुणीच काही विचारत नव्हते. रस्त्यात भेटणारा माणूस पावसापाण्याचे बोलायचा आणि लवकर निघून जायचा. एखाद्या घरात मयत झाल्यावर लोक जसे सांभाळून बोलतात, तसे ते बोलणे होते.

संध्याकाळी माणसे आली ती अवघडूनच आली. दालमिलवाल्यांची सून दाराशीच थांबली आणि "थोडंच वाढा, वहिनी," म्हणाली. गुरुजी आणि त्यांची बायको भिंतीला टेकून बसले. शिंपी मुलाला घेऊन आला होता. म्हातारीला मी हात धरून आणले. सतरंजी पुरली नाही म्हणून आईच्या कॉटवरची चादर अंथरली. पहिला घास सगळ्यांनी ताटाकडे बघत घेतला.

मग दालमिलची सून म्हणाली, "आमटी चांगली झालीय. डाळ लवकर शिजली असंल."

"आपलीच वस्तू आपणच वाखाणायची व्हय?" दुकानातल्या काकू म्हणाल्या.

सून लाजली. गुरुजी हसले आणि त्यांना ठसका लागला. त्यानंतर बोलणे सुरू झाले. हुग्गी कुणाच्या गव्हाची, असे शिंप्याने विचारले आणि काकूंनी आपल्या गव्हाचे गुण सांगायला सुरुवात केली, तेव्हा आईने कॉटवरूनच सांगितले, "देवीचा हाय गहू. तुमचा सकाळीच संपला."

काकूंनी तिसऱ्यांदा भजी घेतली आणि मग ताटाकडे बघत म्हणाल्या, "पर पोरी, आमी दिलं होतं ते तुमच्यासाठी."

"मला कळलं ते, काकू," बायको म्हणाली. ती वाढत होती, हातातले भांडे तिने खाली ठेवले नाही. "यांचं ऑफिस बंद झालंय. लपवायचं काय त्यात. घरात आज आहे. उद्या नसलं तर मी दुकानात येईन आणि तोंडानं मागीन. परडीनं न्हाय मागणार. परडीत मूठच घालायची."

"माग की," काकू म्हणाल्या. "न्हाय म्हणायला तोंड हाय माझ्याकडं बी."

सगळ्यात मोठ्याने बायको हसली. त्या आठवड्यात मी तिला प्रथमच हसताना पाहत होतो.

यानंतर माणसे माझ्याशी बोलू लागली. गुरुजींनी कार्यालयाचे भाडे कोण भरत होते, इथपासून चौकशी केली. शिंप्याने सांगितले की त्याचेही गिऱ्हाईक तयार कपड्यांमुळे निम्म्यावर आले होते, तेव्हा त्याने शाळेच्या गणवेशाचे काम धरले. त्याने ते उपदेश म्हणून सांगितले नाही. त्याच्याकडे सांगायला ते होते, म्हणून सांगितले. दालमिलच्या सुनेने मिलचा हंगाम कधी वर, कधी खाली असतो ते सांगितले. ज्यांना मी सुस्थितीतले समजत होतो, त्या प्रत्येकाच्या घरी असा एक काळ होऊन गेलेला होता. मी अनेक वर्षे या तालुक्याच्या बातम्या लिहिल्या. हे मला माहीत नव्हते, कारण मी कधी त्यांच्यापुढे अडचणीतला माणूस म्हणून बसलो नव्हतो.

शिजवलेले सगळे संपले. आईने हुग्गीची एक वाटी ताटाखाली झाकून ठेवली होती. बायकोने ताट उचलले, वाटी पाहिली आणि तिच्या हातात दिली. "आत्ताच खा, आत्या. ठेवायची न्हाय."

"पोट भरलंय गं," आई म्हणाली आणि तिने ती खाल्ली.

हिशेबाने पाहिले तर सकाळपेक्षा संध्याकाळी आमची स्थिती वाईट होती. आठवड्याचे धान्य एका जेवणात गेले होते. तरी त्या रात्री मी डोक्यात खर्च मांडला नाही. ठरवून नाही. तो मांडायचा राहून गेला.

मला पुढे काम मिळाले, ते वेगळे आणि कमी पगाराचे. त्याला बराच अवधी लागला. मधल्या काळात बायको दोनदा दुकानात तोंडाने मागायला गेली आणि काकूंनी एकदा दिले, एकदा ओरडून मग दिले. मी उमरग्यात एका वकिलाकडे अर्ज आणि नोटिसा लिहून देऊ लागलो. ते सगळे सोसण्याजोगे होते. नोकरी गेली की पायाखालचे सगळेच जाते, असे मी समजत होतो. तसे झाले नाही. घर, गल्ली आणि आठवड्याचे वार जागेवर होते, आणि त्यांच्या आधाराने दिवस मार्गी लागत गेले.

पण त्या जेवणानंतरच्या मंगळवारी यातले काहीच ठाऊक नव्हते. बायको सकाळी लवकर आवरून तयार झाली. कुंकू लावताना तिने आरशात नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिले. ती निघाल्यावर मी साखर आणायचे निमित्त करून दुकानावर गेलो. दुकान आणि काकूंचे घर एकाच उंबऱ्यात आहे.

काकूंनी मला साखर बांधून दिली. मी तिथे पडलेला पेपर उचलला.

"वाचायचा आसंल तर इकत घ्या," त्या म्हणाल्या. "आता काय फुकट येत न्हाय तुमाला."

मी पेपर ठेवला. तेवढ्यात बायको दारात येऊन उभी राहिली. तिने परडी पुढे धरली आणि नेहमीच्या आवाजात आईचा जोगवा मागितला. परडीत आधीच्या दोन घरांचे पीठ होते, पण किती, ते मला उभ्या जागेवरून दिसले नाही. काकू उठल्या. पिठाच्या डब्यात हात घातला आणि मूठ भरून काढली. मूठ मोठी होती, बोटांच्या फटीतून पीठ बाहेर आले होते. त्यांनी ती डब्यावरच हलकी झटकली, बाहेरचे पीठ डब्यात पडू दिले आणि उरलेली मूठ परडीत सोडली.

"काम लागलं का गं यांचं?"

"न्हाय अजून. दोन ठिकाणी बोललेत."

"बरं. जा पुढं, ऊन व्हायच्या आत."

बायकोने परडीला हात लावून कपाळाला नेला. वळताना तिने मला पाहिले, पण थांबली नाही. अजून दोन घरे राहिली होती.