अडुसष्ट विरुद्ध अकरा

आमच्या कॉलेजच्या पोरींचा बास्केटबॉलचा सामना बघायला आर्णीहून यवतमाळला दोन जीप आणि एक पिकअप भरून माणसं निघाली होती. जीपमध्ये पोरी, त्यांचे सर आणि आम्ही आयाबाया; पिकअपमध्ये बापे, एक ढोल आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं पोतं. बास्केटबॉल म्हणजे नेमकं काय, हे त्या पिकअपमधल्या अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं. पण आपल्या गावच्या पोरी कुठं भिडायला चालल्या म्हटल्यावर घरी बसणारं आमचं गाव नाही.

माझी लेक त्या टीमची कॅप्टन होती. बी.ए.चं शेवटचं वर्ष. पुढं तिला अमरावतीला जाऊन खेळाच्या शिक्षणाचा कोर्स करायचा होता आणि मग पोरींना खेळ शिकवायचा होता. माझी काही ना नव्हती. मी शाळेत मास्तरीण, शिकायला निघालेल्या पोरीला अडवायचं म्हटलं तर माझाच हात धजणार नाही. घोडं अडलं होतं ते आमच्या ह्यांच्यापाशी. हे शेतकरी. कपाशी, सोयाबीन, तूर, आणि त्यापलीकडं एकच वेड, शंकरपट. कुठं बैलजोड्यांची शर्यत आहे असं कानावर आलं की ह्यांना अन्न गोड लागत नाही. पण पोरीच्या खेळाला हे "टोपल्यात चेंडू टाकाचा खेय" म्हणायचे. तीन वर्षांत एकदासुद्धा मैदानाकडे फिरकले नव्हते. आणि डिसेंबरात, कापूस वेचणीच्या ऐन धांदलीत, एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "मी येतो यवतमायले. मॅच पाहतो, मंग अमरावतीचं सांगतो."

झालं! आम्हा मायलेकींचं सगळं त्या एका मॅचवर येऊन बसलं. मी शाळेत पाढे घेतानाही मनात एकच जप करत होते, जिंकू दे रे बाबा, कशीही जिंकू दे.

आणि जिंकायला हरकत काय होती? आसपासच्या दोन कॉलेजांच्या पोरी आमच्या मैदानावर येऊन हरून गेल्या होत्या. गावात नुसता गाजावाजा. आता आमच्या मैदानाचं सांगते. तिथं रिंग एकच आहे. दुसऱ्या टोकाचा खांब मागं वादळात वाकला, तो काढून ठेवला, आणि त्या जागी आता मोटरसायकली उभ्या राहतात. म्हणून आमच्याकडं दोन्ही बाजू एकाच रिंगवर खेळतात. चेंडू समोरच्यांच्या हाती गेला की त्यांनी तो आधी चुन्याच्या रेषेबाहेर न्यायचा आणि मग परत रिंगकडं आणायचा. तोवर आपण हात पसरून वाट अडवून उभं राहायचं. गावानं हाच बास्केटबॉल पाहिलेला. जगात याहून वेगळा काही असेल, अशी शंकासुद्धा कुणाला आली नव्हती. पोरींना नियम माहीत होते, सरांनी फळ्यावर काढून दाखवले होते. पण फळ्यावर पाय पळत नाहीत.

यवतमाळचं मैदान पाहूनच छाती दडपली. गुळगुळीत सिमेंट, दोन्ही टोकांना रिंगा, बाजूला बसायला पायऱ्या. समोरच्या पोरी अशा उंच की आमची टेलर काकू, जिनं आमच्या टीमचे ड्रेस शिवले होते, ती म्हणाली, "अवं माय, ह्यायले कापड किती लागत असन वं!" तिची नात आमच्या टीममध्ये होती, त्यामुळं काकू पहिल्या पायरीवर पदर खोचूनच बसली.

शिट्टी वाजली. चेंडू वर उडाला, आमच्या पोरीच्या हाती आला, तिनं माझ्या लेकीकडं फेकला आणि लेकीनं दोघींच्या मधून घुसून थेट रिंगमध्ये टाकला. दोन पॉइंट! अहो, काय सांगू! ढोल वाजला, शेंगा उडाल्या, कृषी केंद्रवाल्या भाऊंनी शेजारच्या अनोळखी माणसाला उचलून घेतलं. मी मास्तरीणबाई, चारचौघांत मोठ्यानं हसतसुद्धा नाही, ती मी बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली. मला शिट्टी येते हे मलाच आठवत नव्हतं.

मग त्यांच्यातल्या नऊ नंबरच्या पोरीनं आमच्या रिंगखाली चेंडू पकडला. आमच्या पाचही पोरी आर्णीच्या सवयीनं पटकन जागेवर आल्या, हात पसरून, गुडघे वाकवून, वाट अडवायला तयार. अगदी झकास उभ्या राहिल्या. आणि ती नऊ नंबरची त्यांच्या बाजूनं जी सुटली ती थेट दुसऱ्या टोकाला. तिथं रिंगखाली चिटपाखरू नव्हतं. तिनं आरामात चेंडू टाकला.

आणि मग आमचे तीस-चाळीस लोक एका आवाजात ओरडले, "फाऊल!"

पुन्हा तेच झालं. पुन्हा आमच्या पोरी वाट अडवून उभ्या, पुन्हा नऊ नंबरची पसार. आता कृषी केंद्रवाले भाऊ उठलेच. हे गृहस्थ दुकानात खताची पिशवी फाटकी निघाली तरी कंपनीला फोन लावणारे. ते सरळ मैदानात उतरले आणि पंचाला म्हणाले, "साहेब, तुमी पाहून राह्यले का नाही? थे पोरगी चेंडू रेषेबाहीर नेऊनच नाही राह्यली!"

पंच म्हणाला, "बाहेर कशाला नेईल? तिची रिंग तिकडे आहे."

"तिची रिंग म्हंजे? रिंग का वाटून घेतली का?"

पंचानं खेळ थांबवला, भाऊंना हाताला धरून मैदानाच्या मधोमध नेलं, आणि दोन्हीकडं बोट दाखवून समजावून सांगितलं. समोरच्या पायऱ्यांवर हसून हसून लोक आडवे झाले होते. भाऊ परत आले. घाम पुसत आम्हाला म्हणाले, "दोन रिंगा हायेत. एक त्यायची, एक आपली. आपल्या पोरीयले पयत माघारी जा लागते." आणि मग सरांकडं वळून, "सर, हे आधी काहून नाही सांगतलं?" सर भूगोल शिकवायचे. खेळाची जबाबदारी त्यांच्या गळ्यात पडली होती, कारण ते सगळ्यात तरुण होते. बिचारे नुसतेच हात जोडून उभे राहिले.

अर्धा खेळ झाला तेव्हा त्यांचे पस्तीस आणि आमचे चार. मी ह्यांना शोधत होते. हे आमच्यात नव्हतेच. पार पलीकडं, त्यांच्या टीमच्या बाकामागं जाऊन एकटेच उभे होते, हाताची घडी घालून. एवढ्या लांबून चेहरा काही दिसेना. मला वाटलं, लाज वाटून तिकडं गेले. संतापच आला मला. हरणाऱ्या लेकीकडं पाठ करून माणसानं असं परक्यांत जाऊन उभं राहावं?

पण दुसऱ्या अर्ध्यात आमच्या लोकांनी जे केलं, त्याला तोड नाही. एकदा खेळ समजल्यावर गप्प कोण बसतो? आमच्या पोरींच्या हातून चेंडू सुटला रे सुटला की सगळे उठायचे आणि ओरडायचे, "मांगं! मांगं! मांगं!" टेलर काकू रेषेच्या कडेनं पोरींबरोबर स्वतः पळायला लागली, एका हातात पदर, एका हातात चप्पल. पोरी आधी गांगरल्या, मग त्यांचे पाय ऐकायला लागले. आणि एकदा तर माझी लेक त्या नऊ नंबरच्या मागं अशी धावली की मी पायरीवर चढून उभी राहिले. शेवटच्या पावलाला गाठलं तिला, आणि चेंडूवर फटका मारून तो बाहेर उडवला. पॉइंट नाही, काही नाही, नुसता अडवला. पण आमच्या पायऱ्यांवर असा जल्लोष झाला की समोरचे लोक वर फलकाकडं बघायला लागले, आपण हरतोय की काय म्हणून!

शेवटची शिट्टी झाली तेव्हा फलकावर अडुसष्ट आणि अकरा होते. समोरच्या लोकांनीही आमच्या पोरींसाठी टाळ्या वाजवल्या. आमचे तर अर्धे मैदानातच होते. कुणीतरी गावच्या ग्रुपवर "आपले अकरा झाले!" एवढंच टाकलं, आणि आर्णीहून धडाधड अभिनंदनाचे निरोप यायला लागले. खरं काय ते सांगायची कुणाचीच छाती होईना.

परतताना वाटेतल्या एका टपरीवर चहा-भज्यांसाठी गाड्या थांबल्या. सूर्य तुरीच्या शेतांमागं उतरत होता, आणि टपरीपुढं असली हुज्जत पेटली होती की टपरीवालाही झारा हातात धरून ऐकत उभा राहिला. एक जण म्हणाला, पोरींना सकाळी पोहे दिले तिथंच चुकलं, पोह्यानं सुस्ती येते, भाकर पाहिजे होती. काकू म्हणाली, "आमच्या पोरी बुटक्या हायेत त्यात त्यायचा काय गुन्हा? रिंगच उंच लावली मेल्यायनं." आणि कृषी केंद्रवाले भाऊ बाकावर चढून विचारत होते, "मले एक सांगा. ज्या रिंगीत आपून टाकून राह्यलो होतो, त्या रिंगीत त्यायचा एक तरी चेंडू पडला का? नाही ना? मंग आपल्या रिंगीत आपून अकरा-शून्यानं जिंकलो का नाही?" लोक माना डोलवायला लागले. आमचं गाव मला कधी कधी इतकं आवडतं की डोळ्यांत पाणी येतं.

पण माझं लक्ष त्या हुज्जतीत नव्हतं. हे कोपऱ्यावर बशीत चहा ओतून पीत बसले होते. अमरावतीबद्दल एक शब्द नाही. मी दोनदा जवळ जाऊन आले. मला वाटत होतं, आत्ता म्हणतील, पाहिलं ना, झालं आता, पुरे कर. आणि मी उत्तरं जुळवत होते, भांडायची तयारी करून.

तेवढ्यात लेक जीपमधून खाली उतरली. ती सरळ ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "बाबा, तुमी कायी बोलू नोका. मीच सांगून देते. मी नाही जात अमरावतीले. आज मले समजलं, मले कायी येत नाही."

बाकावर उभे असलेले भाऊसुद्धा हळूच खाली बसले. माझी सगळी जुळवलेली उत्तरं फुकट गेली. बापाशी भांडायला मी तयार होते, पण लेकीशी काय भांडणार?

ह्यांनी बशी खाली ठेवली. "थे नऊ नंबरची पोरगी. तिले कोनं शिकोलं?"

"त्यायच्या मॅडमनं."

"मी त्या मॅडमच्याच मांगं उभा होतो, शेवटपर्यंत. हात हालोला का इकडली पोरगी तिकडे जाये. नुसता हात! मॅच सुटल्यावर इचारलं तिले, बाई, तुमी हे कुठं शिकल्या? म्हने, अमरावतीले." मग तिच्याकडं बोट करून, "आन् तुले कोनं शिकोलं?"

"सरनं."

"सर काय शिकवते?"

"भूगोल."

सगळ्यांच्या आधी सरच हसले. मग सगळी टपरी हसली. फक्त लेक हसली नाही. म्हणाली, "पन बाबा, अडुसष्ट-अकरा. मले वाटलं होतं आपून जिंकून दाखवू तुमाले, मंग तुमी हो म्हनसान."

"जिंकली असती ना तू आज," हे म्हणाले, "तं मी नाहीच पाठवत होतो तुले. हे मी घरून निंगतानीच ठरवलं होतं. म्हनलं होतं, जिंकली तं तिले येतेच सारं, आता आणखी कायले शिकाचं? बसन घरी. आता तसं कसं म्हनू?"

ज्या जिंकण्यासाठी मी वर्गात पाढे चुकवले, जेवणं टाकली, त्या जिंकण्यानंच पोरीची वाट बंद होणार होती. हा माणूस तीन वर्षं पोरीच्या मैदानाकडं फिरकला नाही म्हणून मी त्याला किती बोलले होते. आणि आज तीस-चाळीस जणांत खेळ बघायला आलेला तोच एकटा होता. बाकीचे आम्ही सगळे फलक बघत होतो.

लेक तिथंच, भज्यांच्या कढईसमोर, हमसून हमसून रडायला लागली. काकू तिला जवळ घ्यायला निघाली तर ह्यांनी हातानंच थांबवलं. आपल्या खांद्यावरची शाल काढून त्यांनी लेकीच्या पाठीवर टाकली आणि म्हणाले, "रडून घे. पन घाम जिरायच्या आत जीपमंधी बस, नाही तं उद्या पाय आखडतीन."