चुना लावलेले दगड

विंचवाला घरच्या पाहुण्यापेक्षा जास्त मान देणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मुरुडला ते शाळेत विज्ञान शिकवायचे. सुट्टी लागली की हातात चिमटा, पिशवीत लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, आणि गावामागच्या माळावरचं धावड्याचं उरलंसुरलं रान. दगड उचलायचा, खालचा विंचू न्याहाळायचा, एखादा नमुन्याला बरणीत घ्यायचा, वहीत टिपायचा आणि दगड होता तसा, त्याच कुशीवर परत ठेवायचा. माझ्या हातून एकदा उलटा ठेवला गेला, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. वहीत रकाने तीन: काळा, तांबडा आणि ‘कळत नाही’. तिसरा सगळ्यात आधी भरायचा. लग्नात व्याही भेटले तर तब्येतीची चौकशी राहिली बाजूला, “तुमच्याकडं इच्चू कसले निघत्यात?” हा पहिला प्रश्न. मी एकदा विचारलं, “साडूभाऊ, कशाला मोजून राहिलात?” तर म्हणाले, “पैले हे समदं एकच रान व्हतं. आता ठिगळं राहिली. ह्या ठिगळातला इच्चू त्या ठिगळात जात न्हाई. हितला हितंच संपणार.” मला काही कळलं नाही, मान मात्र मी हलवली.

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तर गोंधळाला सीमा राहिली नाही. साडूंनी सगळ्या बरण्यांच्या चिठ्ठ्यांवरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलं. मग हे विंचू जिल्हा व्हायच्या आधी सापडलेत हे आठवलं, आणि लातूर खोडून पुन्हा उस्मानाबाद लिहिलं. त्यातच पावसानं दगा दिला आणि माळावर खडी फोडायचं दुष्काळी काम निघालं. साडूंचं जेवणावरचं लक्ष उडालं. एक पिवळट, काडीसारख्या बारीक चिमट्यांचा विंचू त्यांना फक्त त्याच ठिगळात सापडला होता. काम बंद पाडून खडी फोडणाऱ्या बायांच्या पोटावर पाय देणं त्यांच्यानं होणार नव्हतं. म्हणून तो विंचू राहतो तेवढ्याच दगडांना कुणी हात लावू नये, या हिशेबानं त्यांनी दोन दिवस खपून त्या दगडांवर चुन्याची खूण केली.

आता दुष्काळी कामावर चुन्याची खूण म्हणजे मुकादमाचा हुकूम, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. विज्ञानाच्या मास्तरांना नव्हतं. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर नेमके तेवढेच दगड फुटले होते. बाकीचा माळ जागच्या जागी.

साडू खडीच्या ढिगासमोर नुसते उभे. एक म्हातारी हातोडा खाली ठेवून म्हणाली, “मास्तर, इच्चू मारले न्हाईत बरं. टोपल्यात घेतले अन् पल्याड बोरीखाली सोडले. तुमचा जीव हाय त्यांच्यावर, ठावं हाय की.”

“पिवळे किती व्हते, मावशी?”

“ते कोन बघतंय? इच्चू म्हंजी इच्चू.”

रागवावं की पाया पडावं, त्यांना कळेना. शेवटी त्यांनी हात जोडले.

पुढं कितीतरी वर्षं ते त्या बोरीखालचे दगड उचलून पाहत राहिले. पिवळा पुन्हा दिसला नाही. साडू गेले, वही माझ्याकडे आली. मला विंचवातलं अजूनही काही कळत नाही. पण मुरुडला गेलो की मी माळावर जातो, बोरीखालचा एखादा दगड उचलतो, खाली पाहतो आणि त्याच कुशीवर ठेवतो. त्यांची फार आठवण येते. आता माझा दगड चुकत नाही, पण ते बघायला साडू नाहीत.