खारवलेलं घर

येसूबाईजवळ बेचाळीसशे रुपये होते, पण ते तिनं एका जागी कधी बघितले नव्हते. थोडे मिठाच्या रांजणाखाली पुरलेले, थोडे पोस्टात, थोडे मुंबईत माजगावला मुलाकडे. म्हणून घराच्या खर्चाचा मेळ घालायला ती बसली तेव्हा नोटा आणल्याच नाहीत. मोरा बंदराच्या धक्क्याखालून शिंपल्या वेचल्या, बेचाळीस मोजल्या आणि पडवीत त्यांचे वाटे लावले, बाजारात मासळीचे लावतात तसे. एक शिंपली म्हणजे शंभर रुपये. आठांचा वाटा विटांचा. नवांचा सिमेंटचा. सहांचा सळयांचा. पाच दारं-खिडक्यांना, नऊ गवंडी-बिगाऱ्यांना, पाच वामनशेठला. रेतीच्या जागी जमीन तशीच मोकळी राहिली.

वामनशेठ उरणचा ठेकेदार. उक्तं काम घ्यायचा. "बाई, तुम्ही एका विटेलाही हात लावायचा नाही," त्यानं सांगितलं होतं. "पंचेचाळीसशे मोजा. अक्षयतृतीयेला किल्ली तुमच्या हातात. दोन खोल्या, वर स्लॅब."

हे सत्तावन्न सालचं. तोवर मोऱ्यात स्लॅबचं घर कुणाचं नव्हतं. येसूबाईचं तर कुडाचंच होतं. नवरा दर्यात गेला तेव्हा बाळाराम सात वर्षांचा. तेव्हापासून तिनं मासळी खारवून विकली. घोळ, ढोमा, मुशी चिरायची, पोटात मीठ भरायचं, दाबून ठेवायची. पावसाळ्यात होड्या धक्क्याला लागल्या की सगळं उरण तिच्या पाटीतलं खायचं. बाळाराम मोठा झाला, माजगावच्या गोदीत लागला, लग्न झालं आणि तिकडेच एका खोलीत राहिला. गोदी भाऊच्या धक्क्याला लागून. मोऱ्याहून रोज लाँचनं जाऊन येता आलं असतं. अडलं होतं ते सुनेपाशी.

मैना दिघ्याची. तोंडानं फटकळ, पण खोटी नव्हे. "आत्याबाय, कुडातनं साप येतो. माज्या मावशीची पोर तशीच गेली," ती म्हणाली होती. "पक्कं घर बांधा, वर स्लॅब घाला. दुसऱ्या दिवशी बोचकं घेऊन येते. पोरंबाळं तुमच्या मांडीवर टाकते."

येसूबाईला घर त्यासाठी हवं होतं. बाकी तिला स्वतःला कुडाचं काही टोचत नव्हतं.

तीन शिंपल्या कुठून काढाव्यात ते ती आठ दिवस बघत होती. दारातली एक काढली की दार राहात नव्हतं. मजुरीतली काढली की भिंत. शेवटी तिला उमगलं, आणि आपण किती मूर्ख म्हणून ती एकटीच हसली. रेती! ओहोटीला पाव मैल रेती उघडी पडते आणि आपण ती विकत घ्यायची? तीही आपटा गावच्या नदीची, ट्रकातनं?

ती वामनशेठच्या ओटीवर गेली. "रेती माजी. भाव कर बेचाळीसशे."

"तुमची म्हंजे?"

"दर्याची. बायका लावते, पाट्यांनी आणून टाकते."

वामनशेठचा टाक कागदावर थांबला. त्यानं एकदा येसूबाईकडे बघितलं, एकदा बाहेर. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. मग त्यानं टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं, *रेती मालकिणीची*. खाली तिचा अंगठा घेतला.

अकरा बायका अकरा ओहोट्या राबल्या. येसूबाईनं त्यांना रोज भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण घातलं. रेतीचा ढीग कमरेएवढा झाला, दुपारी चमचम करायचा. नामदेव गवंड्यानं मूठभर उचलली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकला.

"येसूबाय, ही खारी हाय."

"मंग? दर्याची गोड असते का काय रे?"

"सळई खाईल ही. पाच-सात वर्सांत पोखरून काडील. माजं ऐका, स्लॅब सोडा. कौलं घाला. सळईचे पैसे वाचतील, त्यात नदीची रेती येईल."

"कौलं तर सुनेच्या बापाच्या घरावरबी हायेत. कौलांना येईल का ती?" येसूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आन् मना सांगतोस खाऱ्याचं? बावीस वर्सं म्हावरा खारवते मी. ताजा म्हावरा सांजच्याला सडतो. खारवलेला वर्सभर टिकतो. गोड्याचं काय ते? गोडं पानी दोन दिस ठेव, किडे पडतात."

बायका हसल्या. "नाम्या, तुज्या भिंती नासायच्या नायत आता!"

नामदेवही हसला. त्याची रोजी वामनशेठच्या हातात होती, त्यानं थापी उचलली.

अक्षयतृतीयेला किल्ली मिळाली, बोलल्याप्रमाणे. पितळेची. मोऱ्यात तेव्हा दाराला कुलूप लावायची रीतच नव्हती, तरी येसूबाई ती कंबरेला लावून धक्क्यावर दोन खेपा उगीच मारून आली. बायका म्हणाल्या, "पोलिसपाटलीन निंगाली बघ." दुसऱ्या नव्हे, पण चौथ्या दिवशी मैना आली. दोन बोचकी, एक स्टोव्ह आणि बाळाराम. तिनं भिंतीला हात लावून बघितला, वर स्लॅबकडे बघितलं आणि सासूच्या पाया पडली. येसूबाईनं वामनशेठकडून स्लॅबमध्ये एक कडी फुकट घालून घेतली होती, पाळण्यासाठी. मैनेनं कडीकडे बघितलं नाही असं दाखवलं.

चार वर्षं बरी गेली. म्हणजे येसूबाई तसंच धरून चालली.

खरं तर दुसऱ्या पावसाळ्यातच भिंतींना घाम फुटला होता. श्रावण संपला, भिंत वाळली आणि तिच्यावर पांढरी बुरशी आली. मैना म्हणाली बुरशी. येसूबाईनं ती नखानं खरवडून जिभेला लावली; खारट होती. मग चूल पेटवायला म्हणून उठून गेली. त्या वर्षापासून ती दर दिवाळीला स्वतः चुना लावायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. गिलावा पडला की पहाटेच झाडून समुद्रात टाकून यायची. बाळारामच्या सदऱ्याला भिंतीचा डाग पडला की म्हणायची, "नीट टेकत जा."

बासष्टच्या मे महिन्यात दुपारी मैनेनं तान्ह्या मुलीला पाळण्यातून काढलं, न्हाऊ घालायला परसात नेलं. पहिला तांब्या ओतला आणि आतून आवाज झाला. कडी, तिच्याभोवतीचा परातीएवढा स्लॅब आणि पाळणा, तिन्ही खाली. पाळण्याची फळी मधोमध मोडली होती. वर भगदाडातून सळया दिसत होत्या. बोटाएवढ्या घातलेल्या, आता काडीएवढ्या, लाल, पापुद्रे सुटलेल्या.

मैना रडली नाही, भांडली नाही. मुलीचं ओलं अंग तसंच पदरात धरून ती दारात उभी राहिली. "आत्याबाय," ती म्हणाली, "तुमाला ठाव होतं?"

येसूबाई झाडू घेऊन स्लॅबचे तुकडे गोळा करू लागली.

संध्याकाळच्या लाँचनं मैना गेली. बाळाराम दुसऱ्या दिवशी बोचकी न्यायला आला. "आये, तूबी चल," तो म्हणाला, खाली बघून. दहा बाय दहाची खोली, शेजाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. खारवलेली मासळी कुठे ठेवायची तिथं, आणि ती नाही ठेवली तर येसूबाई दिवसभर करणार काय? दोघांनाही ते माहीत होतं. म्हणून त्यानं एकदाच विचारलं.

तिनं पाटीत स्लॅबचा तुकडा घातला, सळईसकट, डोक्यावर घेऊन उरण गाठलं. वामनशेठ आता स्वतःचं घर बांधत होता. दारात रेतीचा ढीग होता, काळसर, जाड. येसूबाईनं येता येता त्यातली चिमूट उचलून चाखली. गोड होती, नदीची.

"तुला ठाव होतं," तिनं तुकडा ओटीवर आदळला.

वामनशेठनं कागद काढला. पाच वर्षं जपून ठेवला होता. "रेती मालकिणीची. हा तुमचा अंगठा. मी काय बोललो होतो बाई? किल्ली देतो. दिली का नाही?"

"दिलीस."

"मग?"

"मना सांगायचं तरी होतंस रे."

"तुम्ही कुठं विचारलंत?" वामनशेठ म्हणाला, आणि त्यानं माणसाला तो तुकडा उचलून कुंपणाबाहेर टाकायला सांगितलं.

आता पासष्ट साल. येसूबाई घराच्या भिंतीला टेकून नारळाच्या झापांची पडवी काढून राहते, कुडाचीच. घरात मासळी ठेवते. तिथं काही नासत नाही. कुलूप मात्र रोज लावते, कारण स्लॅबखाली कुणाचं पोर शिरू नये.

परवा शेजारची सखू शिंपल्या घेऊन आली. तिच्या मुलाचं लग्न ठरलंय, तिलाही घर बांधायचंय. "येसूबाय, तुजं घर कितीला पडलं गं?"

"बेचाळीसशे," येसूबाई म्हणाली. मासळी चिरायची थांबली नाही. "आन् तीन मानसं."

सखूनं शिंपल्या मांडायला घेतल्या, आधी विटा. येसूबाईनं कोयता खाली ठेवला, ओल्या हातानं वाटा मोडला.

"पैला वाटा रेतीचा लाव. नदीच्या. मंग उरलं त्यात काय व्हतं ते बघ. स्लॅब नाय झाला तर नाय."

"आन् सून रुसली म्हंजे?"

"रुसलेली येते गो मागारी," येसूबाई म्हणाली. "भ्यालेली नाय येत."

आणि तिनं सखूच्या शिंपल्यांतल्या तीन मोजून वेगळ्या काढल्या.