शहाडच्या बाजूने

बाबांचे दिवस झाल्यावर मी कामावर रुजू झाले, तेव्हा साहेबांनी माझं सांत्वन केलं. "कामात राहा, मन रमतं," असं म्हणून त्यांनी शहाडची तक्रार माझ्याकडे सोपवली. त्यांचं मन त्या तक्रारीत रमत नसावं.

आमची कंपनी रक्त-लघवी तपासते. मुख्य कार्यालय ठाण्यात, आणि नमुने गोळा करायची केंद्रं कल्याण-डोंबिवलीभर. त्या सगळ्यांना जोडणारं नेटवर्क मी सांभाळते, म्हणजे एका मोठ्या पडद्यासमोर बसते. आमची यंत्रणा प्रत्येक केंद्रातल्या राउटरला सारखी विचारत असते, 'आहेस का?' राउटर म्हणतो, 'आहे.' याला पिंग म्हणतात. उत्तर झटकन आलं तर पडद्यावर हिरवा ठिपका, रेंगाळत आलं तर लाल. लेकीने इतकं शिकून अखेर 'आहेस का' आणि 'आहे' यांच्यामधला वेळ मोजावा, याचं बाबांना फार कौतुक होतं. "आमच्या वेळी हे काम शेजारी फुकट करायचे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

शहाडचा ठिपका हिरवागार होता, आणि शहाडच्या केंद्रावरच्या माणसाचा रोज फोन येत होता.

"मॅडम, रिपोर्ट उघडतच नाहीये. नुसती चक्री फिरतेय. पेशंट बरा होऊन घरी गेला, चक्री चालूच आहे."

"आमच्याकडे तर हिरवं दिसतंय."

"मग पेशंटला ठाण्याला पाठवू का, हिरवं बघायला?"

मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. "हिरवं आहे ना? मग झालं. त्यांना म्हणावं, कॉम्प्युटर बंद करून चालू करा." शहाडकरांनी तो बिचारा इतक्यांदा बंद-चालू केला होता की आता त्याचंच रक्त तपासायची वेळ आली होती.

गोष्ट अगदी साधी होती, म्हणून कुणाच्या लक्षात आली नव्हती. ठाणं शहाडला विचारत होतं आणि शहाड ठाण्याला उत्तर देत होतं. पण शहाडमधल्या कोणालाही ठाण्याशी बोलायचं नव्हतंच. त्यांना रिपोर्ट साठवणाऱ्या सर्व्हरशी बोलायचं होतं, आणि तो तिसऱ्याच ठिकाणी, भाड्याच्या जागेत. मी खुर्चीतून न उठता शहाडच्या राउटरमध्ये शिरले आणि त्याला म्हटलं, आता तू विचार सर्व्हरला. त्याने विचारलं. उत्तरं आली ती पाय ओढत. काही आलीच नाहीत. मागे लाइनच्या दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी या उत्तरांची वाट जुन्या, पर्यायी लाइनवरून वळवली होती आणि दुरुस्ती संपल्यावर परत फिरवायचं राहून गेलं होतं. मी ती फिरवली. पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी 'पलीकडच्या बाजूने पाहण्याची आमची पद्धत' समजावून सांगितली. मीही टाळ्या वाजवल्या.

घरी मात्र मी अजून ठाण्याच्याच बाजूने बघत होते.

आई कोपरीच्या घरात एकटी राहत होती. पुण्याच्या भावाला ते पटत नव्हतं. त्याने तिच्यासाठी एक खोली रंगवूनही ठेवली होती, रंग अर्थातच तिला न विचारता. आईचं म्हणणं एकच, "मी माझ्या घरात बरी आहे." शेवटी तह झाला. मी डोंबिवलीत, म्हणजे जवळ. तेव्हा मी रोज फोन करायचा, भावाला कळवायचं, आणि जरा काही कमी-जास्त दिसलं की आईची रवानगी पुण्याला.

आई पहिल्याच रिंगला फोन उचलायची.

"कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीय? तू डबा नेलास का?"

मी भावाला 'ओके' पाठवायचे, तो अंगठा पाठवायचा. हिरवा ठिपका.

शहाडचं प्रकरण मिटलं त्या संध्याकाळी मला हे एकदम विनोदी वाटलं. आई काही डोंबिवलीशी संसार करत नव्हती. मग मी तिच्या समोरच्या दारातल्या काकूंना फोन केला आणि म्हटलं, जरा आईकडे लक्ष ठेवता का? त्यांनी इतक्या तत्परतेने होकार दिला की ठेवलेलं लक्ष त्यांनी कधी काढलंच नसावं.

"तशी ठणठणीत आहे हो," काकूंचा अहवाल आला. "जेवते, देवळात जाते, माझ्या उपम्याला नावं ठेवते. फक्त दार लवकर उघडत नाही."

"गुडघे दुखत असतील."

"गुडघे कुठले! खिडकीतून दिसते ना मला. दाराशेजारच्याच खुर्चीत असते. बेल वाजली की उठत नाही, आतल्या खोलीकडे बघत बसते. मग बऱ्याच वेळाने उठते."

आमच्या घरात फोन आईचा आणि दार बाबांचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर तर दार हेच त्यांचं कार्यालय होतं. कुरिअर, सिलिंडर, वर्गणी, सगळे आधी त्यांच्यापुढे हजर व्हायचे. बेल वाजली की आई अजून त्यांच्या उठण्याची वाट बघत होती. मला हे कसं कळणार? मी माझ्या किल्लीने आत जायचे.

भावाला कळवलं असतं तर त्याने आधी तिचे कान तपासले असते, मग स्मरणशक्ती, आणि मग रंगवलेली खोली.

शनिवारी मी कोपरीला गेले. किल्ली पर्समध्येच ठेवली आणि बेल वाजवली. आत काही हललं नाही. मनातल्या मनात मोजायची सवय आहे मला. ती आवरायला, जिन्यात लावलेली पाण्याची टाकी धुण्याबद्दलची सूचना वाचत राहिले. टाकी धुतली जाणार होती. मी सूचना पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग खुर्ची सरकली.

"किल्ली हरवलीस?" दारात आई.

"नाही, आहे."

"मग बेल कशाला? मला उठवायला?"

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग समोरच्या बंद दाराकडे पाहून, तिथवर ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "लोकांना उद्योग नाहीत." आणि आत वळली. गॅस पेटवल्यावर पाठमोरीच बोलली, "त्याला कळवलंस?"

"नाही अजून."

"काय कळवणार आहेस?"

"तू सांग."

तिने उकळत्या चहात साखर घातली. "सांग, उशिरा उघडते. पण मीच उघडते."

तेवढ्यात त्याचाच फोन आला. "सगळं ओके?"

"आई इथेच राहील," मी म्हटलं. "दार उघडायला तिला जरा वेळ लागतो, एवढंच."

"जरा म्हणजे किती?"

"मोजला नाही."

"तू? मोजला नाहीस?" तो हसला, मग हसायचा थांबला. "आईला दे बघू."

द्यावा लागला नाही. आईने फोन माझ्या हातातून काढूनच घेतला. "नाही येत रे मी," ती म्हणाली. "तू जेवलास का?"