पोळपाटाचा नंदी

आमच्या नायगावच्या चाळीच्या गणपतीपुढे एक लाकडी नंदीबैल असतो. वासराएवढा. माझे सासरे गिरणीत फिटर होते, तेव्हा त्यांनी तो केला. मान सैल बसवलेली, कुठेही वळेल अशी. आत मोटर, मोटरवर एक लाकडी चकती आणि चकतीभोवती सैल वेढलेल्या दोरीचं टोक नंदीच्या हनुवटीच्या आकड्यात. चकती फिरली की मान खाली-वर. पोरं रांगेने येऊन विचारतात, "नंदीबा, मी पास होणार काय?" नंदी कुणालाच नाही म्हणत नाही. नापास झालेलेसुद्धा पुढल्या वर्षी पुन्हा विचारायला येतात.

यंदा चकती फुटली आणि नंदीची मान लटकली. मंडळाचे अध्यक्ष सभेत म्हणाले, "नव्या इमारतीसाठी चाळ पाडणार, तोवर आपण संक्रमण शिबिरात जाणार. हे धूड कुठे नेणार? विसर्जन झालं की भंगारात देऊ. पुढल्या वर्षी एलईडी पडदा लावू, त्यावर काय वाटेल ते हलतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून मीही डोलावली.

घरी सासऱ्यांना सांगितलं.  ते म्हणाले, "हात थरथरतत माझे. चकती तू कर गो."

तेवढं जाड, चिवट लाकूड घरात एकच होतं, माझ्या लग्नातला पोळपाट. त्यावर आमटीची वाटी पालथी घालून गोल आखला, करवतीने कापला. शाळा माझी चौथीपर्यंत, पण दोऱ्याने गोलाचा मध्य काढला आणि तिथेच भोक पाडलं. स्वतःवर खूश झाले. चकती सुरेख फिरली. नंदी ढिम्म.

सासऱ्यांनी चकती हातात घेतली. "मदीच पाडलंस मा? मगे ती नुसती गरगरतली. मान हलूक व्हयी तर भोक चुकवूक व्हया."

चुका मी आयुष्यभर केल्या, पण मुद्दाम चुकायला कुणी पहिल्यांदाच सांगितलं. उरलेल्या पोळपाटातून दुसरी चकती कापली, भोक कडेला पाडलं. नवरा संध्याकाळी विचारतो, "पोळपाट कुठाय?"

"नंदीच्या पोटात."

"मग जेवायला?"

"भात."

दोरी लावताना मात्र घोटाळा झाला. अंधारात हनुवटीऐवजी कानामागच्या, घंटा अडकवायच्या आकड्यात घातली. मोटर सुरू केली तर नंदीची मान डावी-उजवी. सासरे हसता हसता खोकायला लागले. "पयल्यांदाच नाय म्हणता ह्यो."

मी दोरी जागेवर लावली. पण तो आकडा डोक्यात राहिला.

गणपती बसले. मोटरपाशी, नंदीमागच्या कापडी पडद्याआड मला बसवलं. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. आरतीनंतर अध्यक्षांनी माइक घेतला. त्यांचं भाषण लांबतं, त्यामुळे मला वेळ भरपूर मिळाला. मोटर बंद केली, दोरी हनुवटीतून काढली, कानामागे घातली.

शेवटी ते म्हणाले, "आपला नंदीबा चालू झाला, पण हा त्याचा शेवटचा गणपती. त्यालाच विचारू. काय नंदीबा, पुढल्या वर्षी तुझ्या जागी एलईडी पडदा लावू ना?"

मी बटण दाबलं.

आधी पोरं हसली, मग बायका. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. नंदी पुन्हा नाही. समोरून एक म्हातारी म्हणाली, "मेल्या, देवापुढे बसून नाही म्हणतोय तो. आता त्याला भंगारात घालून दाखव." टाळ्या थांबेनात. नंदीला विकायचं नाही, शिबिरात न्यायचं, असं तिथल्या तिथे ठरलं. तिथे आमच्या खोलीसमोरच्या पॅसेजमध्ये ठेवायचं, हे म्हातारीनेच सांगून टाकलं.

अध्यक्ष पडदा बाजूला करून आत आले. तोवर दोरी पुन्हा हनुवटीत होती आणि नंदी शहाण्यासारखा हो-हो करत होता. त्यांनी नंदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, मघाशी तुम्ही काही केलंत काय?"

मी फक्त मान हलवली, डावी-उजवी.